हातभर जागा

१२ जानेवारी

व्याहीबुवांना मुकादमाचा नमस्कार,

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकत नाही. रागावू नका. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षराकडे बघू नका, मतलबाकडे बघा.

काल बेबीचा फोन आला होता. म्हणाली, गाडी दुसऱ्यांदा सरकारी काट्यावर अडवली. एकूण वजन बरोबर आहे, पण मागच्या अॅक्सलवर, म्हणजे मागच्या चाकांवर, जास्त आहे, असा शेरा मारला. तिसऱ्यांदा असं झालं तर जावईबापूंचा परवाना सहा महिने जप्त. एवढं सांगून ती हसली आणि "बाबा, तुम्ही काळजी करू नका" म्हणाली. ती असं म्हणाली की मला जेवण जात नाही.

आता मला सांगा, एकूण वजन बरोबर आणि मागचं तेवढं जास्त, हे कसं? माणसाचं वजन बरोबर पण त्याच्या पायांचं जास्त, असं कधी ऐकलंय का? माझ्या मते तो काटा खोटा आहे. तुम्ही बत्तीस वर्षं काट्यावर काढलीत, तुमची तिथे ओळख असेल. एकदा जाऊन बघून या.

माल भरण्यात चूक नाही. बेबी स्वतः उभी राहून भरून घेते आणि ते तिला मी शिकवलेलं आहे. जड पेटी खाली. पट्टा पेटीच्या कडेवरून जातो तिथे जुन्या टायरचा तुकडा. दहा किलोमीटरवर गाडी थांबवून पट्टे पुन्हा आवळायचे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, केबिनमागच्या फळीपासून हातभर जागा मोकळी सोडायची. हातभर म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. ब्रेक लागून माल सरकलाच तर त्या जागेत येऊन थांबतो, ड्रायव्हरच्या पाठीत शिरत नाही. मी हे तीस वर्षं केलं. माझ्या हातच्या मालाने एकाही ड्रायव्हरला ओरखडा आला नाही.

एक चांगली गोष्ट, जावईबापू म्हणाले म्हणे की हल्ली भरलेल्या गाडीचं स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं. म्हणजे गाडी खूश आहे. तेवढंच समाधान.

ता. क. टायरचे तुकडे झिजले असतील तर बदलायला सांगा.
ता. क. दुसरी. ती खरंच हसत होती का, तेही बघून कळवा.

आपला,
मुकादम


२० जानेवारी

मुकादमसाहेब,

तुमचं पत्र तुमच्या विहीणबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. "उरलेलं निम्मं तुम्ही ऐकत नाही" हे वाक्य दोनदा वाचलं. तुम्ही या घरात एक भक्त मिळवला आहे.

तुमच्या सांगण्यावरून काट्यावर जाऊन आलो. तिथला माणूस माझ्या हाताखाली शिकलेला. काटा खोटा नाही. खरं तर मला तो थोडा खोटा निघायला हवा होता, म्हणजे तुम्हाला बरं वाटलं असतं.

मग मी आमच्या अंगणात गाडी भरलेली असताना टेप घेऊन मागच्या माल भरायच्या हौद्यात चढलो. सूनबाई खालून ओरडत होती, "बाबा, उतरा, गुडघे बघा आधी." हौदा सोळा फुटी. फरशीच्या दहा पेट्या, दोन-दोनच्या पाच रांगा, पेटी एक-एक टनाची. पुढे तुमची हातभर जागा, आणि शेवटची रांग मागच्या फाळक्याला नाक लावून उभी.

तुम्ही पोरवयात बल्लीला ओझं अडकवून दोघांनी खांद्यावर नेलंच असेल. ओझं ज्याच्याकडे सरकतं त्याचा खांदा दुखतो. ओझं तेवढंच राहतं. गाडीचंही तसंच. दहा टन हातभर मागे सरकवले की जवळजवळ एक टन पुढच्या चाकांवरून उठून मागच्या चाकांवर जाऊन बसतो. आणि पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं. गाडी खूश नाही, मुकादम. तिचे पुढचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत.

ही जागा बंद करायला हवी. मी घरात विषय काढला. आमचे चिरंजीव म्हणाले, "अगं, बाबा म्हणतायत तर एकदा टेकवून बघू." सूनबाई म्हणाली, "तुमचे बाबा वजन करतात, माझे बाबा माल बांधतात. तुमची पाठ आहे म्हणून तर जागा सोडते." चिरंजीव म्हणाले, "एवढी पाठीची काळजी आहे तर कधी चेपूनही दे." त्यावर काय झालं ते लिहिण्यासारखं नाही, पण चिरंजीव बाहेर अंगणात जेवले.

ती तुमच्याशिवाय कुणाचं ऐकणार नाही. तुम्ही एक ओळ लिहा.

ती हसत होती का विचारलंत. नव्हती.

आपला व्याही,
काट्यावरचा


२८ जानेवारी

व्याहीबुवांना नमस्कार,

बल्लीचं पटलं. बल्लीचं मला सांगायला नको, माझा उजवा खांदा अजून डाव्यापेक्षा खाली आहे. पण जागा बंद करायची हे पटलं नाही. जास्त वजन मागे जातं तर दोन पेट्या कमी भरा. आठच न्या. एक फेरी वाढली तर वाढली. ड्रायव्हर दुसरा मिळत नाही.

तुम्ही काटेवाले. गाडी तुमच्यापुढे उभी राहते ती थांबलेली. तुम्ही आकडा लिहिता आणि ती पुढे जाते. पुढे तिचं काय होतं ते आम्हाला बघावं लागतं.

मागच्या पत्रात मी ओरखडा आला नाही असं लिहिलं, ते तेवढं खरं नाही. तेहतीस वर्षांपूर्वी एक झालं होतं. आमच्या गोदामावर एक ड्रायव्हर होता. फार उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणायचे. केबिनमध्ये बसला की गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर यायचे, आणि आम्ही म्हणायचो, लंबू, तू गाडी चालवतोस का पाळण्यात बसतोस? तो म्हणायचा, पाळण्यातच, फक्त झोका द्यायला कुणी नाही. बेबी लहान होती, तिला खांद्यावर घेऊन गोदामाच्या दारातून वाकून जायचा.

त्याच्या गाडीत मी लोखंडी पाइप भरले होते. उतारावर म्हैस आडवी आली, त्याने ब्रेक मारला. पाइप फळी फोडून केबिनमध्ये शिरले. म्हैस वाचली.

चौकशीत दोर कुजका निघाला. दोर गोदामाचा होता, माझा नव्हता. मला कुणी काही बोललं नाही. पण मला माहीत आहे, माल केबिनला फार जवळ होता. लांब असता तर पाइप मधल्या जागेत थांबले असते. म्हणून तेव्हापासून हातभर. आणि म्हणून मी बेबीला लिहिणार नाही. तुम्हीही तिला भरीला घालू नका.

विहीणबाईंना नमस्कार सांगा. हे पत्र मोठ्याने वाचायला नको.

आपला,
मुकादम


६ फेब्रुवारी

मुकादमसाहेब,

पत्र मी स्वतःच वाचलं. विहीणबाईंनी विचारलं तेव्हा सांगितलं, खांद्याच्या दुखण्याबद्दल लिहिलंय. त्यांनी तुमच्यासाठी एक लेप सांगितला आहे, तो पुढच्या वेळी कळवतो. आता तुम्हाला तो लावावा लागेल.

लंबूचं वाचून वाईट वाटलं. आम्ही थांबलेली गाडी बघतो हे तुमचं म्हणणं खरं आहे. बत्तीस वर्षांत किती गाड्या माझ्या काट्यावरून खाली उतरल्या आणि पुढे त्यांचं काय झालं, मला कधी कळलं नाही. कधी विचारलंही नाही.

पण एक विचारू का? तुम्ही "माल जवळ होता" असं लिहिलंत. त्या दिवशी पाइप फळीला टेकलेले होते, की थोडी जागा होती?

असं का विचारतो ते सांगतो. बंद दार खांद्याने फोडायचं तर माणूस दाराला टेकून ढकलत नाही. तो चार पावलं मागे जातो आणि धावत येतो. टेकलेला माल फळीला फक्त रेटतो. लांब असलेला माल धावत येतो. जागा जितकी जास्त तितकी धाव जास्त. मोकळ्या जागेत माल थांबेल असं तुम्ही म्हणता, पण त्याला थांबवणार कोण? तिथे तर काहीच नाही.

मला हे सगळं कागदावर समजतं. तुम्हाला हाताने समजतं. म्हणून तुम्हालाच विचारतो.

आठ पेट्यांचं करून बघितलं. शेवटची रांग काढली तर मागचं वजन काट्यात बसतं, पण पुढची मोकळी जागा तशीच राहते. परवाना वाचेल. पाठीचं सांगता येत नाही.

आपला व्याही


१० फेब्रुवारी

व्याहीबुवांना,

जागा होती की नव्हती हे तेहतीस वर्षांनी उकरून काय करायचं आहे? मला आठवत नाही. चौकशीत दोर कुजका असं लिहिलेलं आहे, त्यावर साहेबाची सही आहे.

लेप नको. खांदा बरा आहे.

मुकादम


२ मार्च

मुकादमसाहेब,

तीन आठवडे तुमचं पत्र नाही आणि मीही लिहिलं नाही. आजही सूनबाईने बजावलं आहे की बाबांना काही कळवायचं नाही. मी तिला "बरं" म्हणालो आणि लिहायला बसलो.

आधी हे वाचा, दोघं धडधाकट आहेत. कुणालाही काही लागलेलं नाही. आता पुढचं.

परवा सकाळी चिरंजीव आठ पेट्या घेऊन निघाले होते. गावातलाच सपाट रस्ता, वेग तीसच्या वर नव्हता. गल्लीतून एक सायकलवाला मान खाली घालून बाहेर आला. चिरंजीवांनी ब्रेक मारला. सायकलवाला शिव्या देऊन निघून गेला. चारही रांगा पट्ट्यांसकट पुढे आल्या. पट्टे तुटले नाहीत, फक्त कलले. फळी वरपासून खालपर्यंत चिरली आणि केबिनचा पत्रा आत दबला. चिरंजीवांच्या सीटमागे मुठीएवढा खळगा पडला आहे. मी हात घालून बघितला. त्यांच्या बरोबर पाठीच्या कण्याशी येतो.

चिरंजीव घरी येऊन हसत म्हणाले, "चला, पाठ चेपून मिळाली एकदाची." सूनबाई हसली नाही. ती खळग्याकडे बघत उभी होती. आणि मग काय म्हणाली सांगू? म्हणाली, "हातभर पुरली नाही. बाबांना विचारून दीड हात करते."

त्या क्षणी मला तुमच्यावर राग आला, मुकादम. खोटं कशाला लिहू.

नवी फळी बसवायला गाडी दुरुस्तीला दिली आहे. ती वीस तारखेला बाहेर येईल. त्या दिवसापासून डोंगरापलीकडे नव्या इस्पितळाचं काम आहे, दहा पेट्यांची रोज एक फेरी. तो रस्ता तुम्हाला माहीत आहे. चढ जितका तितकाच उतार, आणि उताराला वळणं. तिथे वेग तीसचा नसतो.

माझं ऐकून ती जागा बंद करणार नाही. नवऱ्याचं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल. वीस तारखेला अठरा दिवस आहेत.

आपला व्याही


९ मार्च

व्याहीबुवांना नमस्कार,

तुमचं पत्र पाच तारखेला मिळालं. चार दिवस काय केलं ते सांगतो.

कुंड्या हलवायला बेबीने मला एक चाकांची छोटी गाडी दिली होती. तिच्या पुढच्या बाजूला मी पातळ प्लायची फळी खिळ्यांनी ठोकली. रंगाचा एक रिकामा डबा वाळूने भरला, झाकण घट्ट बसवलं. मग ती गाडी अंगणातून ढकलत आणून पायरीवर आपटायची, असं ठरवलं. तुम्हाला खोटं पाडायचं होतं, दुसरं काही नाही.

डबा फळीला टेकवून ठेवला. गाडी पायरीवर आपटली. टक् एवढाच आवाज झाला. डबा जागच्या जागी.

मग चार बोटं जागा सोडली. एका बाजूचा खिळा निघाला.

मग वीतभर. फळी सुटून पायरीवर पडली.

मी म्हटलं, वीत ही कमीच. फळी पुन्हा ठोकली आणि हातभर सोडली. गाडी लहान, तेव्हा डबा मागच्या टोकाला जाऊन बसला. तसा तो आमच्या शेवटच्या रांगेसारखा दिसत होता. गाडी आपटली. फळीचे दोन तुकडे झाले आणि डबा पायरी ओलांडून दारापर्यंत गेला. झाकण उडालं, वाळू सगळी घरात.

मी एकंदर अकरा वेळा केलं. शेजारच्या बाई भिंतीवरून म्हणाल्या, "आजोबा, नातवंडं आलीत का खेळायला?" मी म्हटलं, नाही, मीच खेळतोय. त्या म्हणाल्या, "मग जरा हळू खेळा, आमचे हे झोपलेत."

अकराव्या वेळेनंतर मी वाळूत बसून राहिलो.

आता तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर. जागा होती. मला तेव्हाही आठवत होतं आणि दहा फेब्रुवारीला पत्र लिहितानाही आठवत होतं. पाइप फळीला टेकवूनच भरत होतो. लंबू म्हणाला, "मुकादम, माझी वळकटी कुठे ठेवू? ताडपत्रीवर ठेवली तर धूळ खाते." मी म्हटलं, थांब, तुझ्यासाठी जागा करतो. पाइप वीतभर मागे ओढायला लावले आणि फळी आणि पाइप यांच्या मधे त्याची वळकटी कोंबली. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. त्याची थाप म्हणजे माणूस दोन पावलं पुढे जायचा.

नंतर मी गाडी बघायला गेलो. वळकटी पाइपांच्या पुढे चपटी होऊन केबिनमध्ये आली होती. मी तिच्याकडे बघून मनात म्हटलं, वीतभर पुरली नाही, हातभर सोडायला हवी होती. बेबी आज जे म्हणाली तेच. अक्षरशः तेच. तेहतीस वर्षं मी लोकांना माझी चूक वाढवून वाढवून शिकवत आलो. कुणाला काही झालं नाही हे त्यांचं नशीब. माझी हुशारी नाही.

दोर कुजका होता हे खरं आहे. पण माल धावला तो माझ्या जागेत.

व्याहीबुवा, बेबीला हे तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेले आहात, नीट समजावून सांगाल. मी सांगितलं तर ती विचारेल, बाबा, मग लंबूकाका? तिला मी काय सांगू?

आपला,
मुकादम


१३ मार्च

मुकादमसाहेब,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवलं.

मी तिला सांगणार नाही. मला जमणार नाही म्हणून नव्हे. मी सांगितलं तर ती म्हणेल, काटेवाले बाबा जिंकले, आणि हट्टाने हातभर जागा सोडेल. आपली सूनबाई तुमची मुलगी आहे.

लंबूचं तिला काय सांगायचं, ते मला जे लिहिलंत तेच. मला तुमच्याबद्दल कमी काही वाटलं नाही. राग आला होता, तो गेला. तिला किती वाटेल ते मला माहीत नाही. पण रोज त्या केबिनमध्ये बसणारा माझा मुलगा आहे, म्हणून तुम्हाला सूट देता येत नाही.

आज तेरा. टपालाला तीन दिवस लागतात.

आपला व्याही


१६ मार्च

चि. बेबीस बाबांचा आशीर्वाद,

पोरी, हे पत्र सावकाश वाच आणि वाचून झाल्याशिवाय फोन करू नकोस. फोनवर मला बोलता येणार नाही.

फरशीच्या पेट्या भरताना केबिनच्या फळीपासून जागा सोडायची नाही. अजिबात नाही, बोटभरसुद्धा नाही. पहिली रांग फळीला टेकव. तिला टेकून दुसरी, तिला टेकून तिसरी. पेट्यांच्या मधे फट राहिली तर लाकडाची पाचर ठोक. मागे जी जागा उरेल तिथे आडवे ओंडके लावून हौद्याला खिळून टाक, म्हणजे चढावर माल मागे यायला नको. पट्टे नेहमीसारखेच वरून आणि एक पट्टा पहिल्या रांगेच्या पुढच्या वरच्या कडेवरून तिरका मागे. फळी लोखंडी पट्ट्यांची बसवून घे. भरून झाल्यावर सासऱ्यांना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलायला सांग. ते सांगतील तसं कर. त्यांना कळतं.

हातभर जागेचं मी तुला चुकीचं शिकवलं. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा गोदामात तुझा कोपर फळीला लावून दाखवलं होतं, इथपर्यंत, तुझा हात लहान आहे म्हणून अजून थोडं. ते चुकीचं होतं. माल जागेत थांबत नाही, धाव घेतो. मी घरी करून बघितलं आहे. सासऱ्यांनी मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

आता तू विचारशील म्हणून लिहितो. लंबूकाकाच्या गाडीत मी वीतभर जागा सोडली होती. त्याच्या वळकटीसाठी. ते मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही. माझ्या मनाने मी असं धरून चाललो की जागा कमी पडली, कारण जागा सोडल्यामुळे झालं असं धरलं असतं तर मला गोदामात परत पाऊल टाकता आलं नसतं. तेव्हा तू पाच वर्षांची होतीस आणि मला रोज कामावर जावं लागत होतं.

माझ्यावर रागावायचं असेल तर रागाव. पण वीस तारखेला पेट्या टेकवूनच भर. जावईबापूंच्या सीटमागे खळगा पडला हे मला कळलं आहे. कुणी सांगितलं ते विचारू नकोस, भांडण नको. तो खळगा मी पाडला असं समज.

जेवत जा.

तुझे,
बाबा


२१ मार्च

बाबा,

शिरसाष्टांग वगैरे नंतर. आधी एक गोष्ट, तुम्ही पत्रात कुणी सांगितलं ते विचारू नकोस असं लिहिलंत आणि थोडं वर "सासऱ्यांनी आधीच सांगितलं होतं" असंही लिहिलंत. तुमच्या दोघांचा पत्रव्यवहार आता घरात सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई म्हणतात, त्या लेपाचं काय झालं ते विचार.

तुमचं पत्र एकोणीसला मिळालं. वाचून मी फार चिडले. लंबूकाकांसाठी नाही, ते नंतर सांगते. मी या जागेवरून नवऱ्याशी दोन महिने भांडले. सासऱ्यांना तोंडावर म्हटलं, तुम्ही फक्त वजन करता. सासरच्या घरात मान खाली घालून पेट्या टेकवायच्या, म्हणजे मला किती जड गेलं असेल ते तुम्हाला कळेल. तुमच्याइतकीच हट्टी मीही आहे.

काल सकाळी पेट्या भरल्या. मी एवढंच म्हटलं, "पुढे घ्या. अजून पुढे. टेकवा." हे हौद्याखाली उभे होते. म्हणाले, "काय गं, पाठीची काळजी संपली वाटतं?" मी म्हटलं, "बाबांचं पत्र आलंय." त्यावर ते पाचर आणायला गेले. सासऱ्यांनी "मी आधीच म्हटलं होतं" असं म्हटलं नाही, आणि ते त्यांना किती अवघड गेलं असेल ते तुम्हाला माहीत आहे. काट्यावर पुढची चाकं, मागची चाकं तोलली. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दोन्ही बरोबर." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मुकादमाला कळव."

म्हणून कळवते.

लंबूकाका मला थोडेसे आठवतात. चेहरा नाही, पण खूप वरून खाली दिसणारं गोदाम आठवतं. बाबा, त्यांनी वळकटीला जागा मागितली आणि तुम्ही दिलीत. मी असते तर मीही दिली असती. त्याच्या पुढचं मला काय म्हणावं ते अजून कळलेलं नाही. कळलं की सांगेन. पण तुम्ही मला लिहिलंत ते बरं केलंत. आता तुम्हाला एकट्याला ते धरून बसायला नको.

काट्यावरून निघताना हे केबिनमध्ये चढले. मी खाली उभी होते. नवीन फळीला पेट्या टेकलेल्या मला दिसत होत्या, मधे काही नाही. इतकी वर्षं जागा बघायची सवय. मग मी दुसऱ्या बाजूने दार उघडून आत चढले. हे म्हणाले, "तू कुठे?" मी म्हटलं, "पहिली फेरी आहे, मी बसते." "घरी कोण बघणार?" "तुमचे बाबा बघतील. त्यांचं आजचं तोलून झालंय."

चढ गाडी नीट चढली. स्टिअरिंग जड लागतंय म्हणून हे कुरकुरत होते. उताराच्या तिसऱ्या वळणावर पुढे एक गाडी बंद पडून आडवी उभी होती. यांनी ब्रेक दाबला, पुरता दाबला. मी डोळे मिटले आणि पाठ सीटला घट्ट लावून बसले. मागे दहा टन होते, बाबा, आणि माझं लक्ष सगळं त्या आवाजाकडे होतं.

आवाज आला नाही. पेट्या आमच्याबरोबरच थांबल्या.

हे पत्र इस्पितळाच्या आवारात, माल उतरत असताना, केबिनमध्ये बसूनच लिहिते आहे. आज दुसरी फेरी आहे. आजही मी बसूनच आले. उद्या नाही येणार, उद्या गरज नाही.

तुमची,
बेबी